वायर ओढू का? लिनक्स बंद होताना आत काय चालतं

रात्री साडेनऊला काकांचा फोन आला. आमच्या गावात त्यांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल, निवडणूक आली की हँडबिलं. आवाजात धास्ती होती.

“अगं, मशीन बंद करतोय, तर काळ्या पडद्यावर लाल तारे इकडून तिकडे पळतायत. बाजूला सेकंद मोजणं चाललंय. इकडे लाईट गेलीय, इन्व्हर्टर कधीही मान टाकेल. वायर ओढू का?”

“नका ओढू, काका. सेकंदांच्या पुढे काय लिहिलंय?”

“एक मिनिट तीस सेकंद.”

“मग तेवढा वेळ थांबा. आपसूक बंद होईल.”

झालं बंद. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलेला प्रश्न रास्त होता. बटण दाबलं, बंद हो म्हटलं, तर हे मशीन दीड मिनिट कुणाची वाट बघत होतं?

हा प्रश्न आता बऱ्याच घरांत आणि दुकानांत पोचलाय. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी कितीतरी जुनी मशीनं दाराबाहेर राहिली आणि त्यांतल्या काहींवर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली आली, मिंट किंवा उबंटू या रूपात. काकांच्या तीन मशीनवर मीच टाकून दिलं. अडचण एकच होती. त्यांची कित्येक वर्षांची पानं पेजमेकर या पानं मांडायच्या, विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ सालची. त्यातले मराठी फाँट युनिकोडच्या, म्हणजे अक्षरांच्या सामाईक क्रमांक-पद्धतीच्या, आधीचे. त्यांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो. कुठल्यातरी रोमन अक्षराच्या जागेवर त्याचं चित्र बसवलेलं असतं. तो फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की पानभर अगम्य खुणा. म्हणून लिनक्सच्या आत एक ‘आभासी’ संगणक तयार केला आणि त्यात त्यांची परवाना असलेली जुनी विंडोज ठेवली.

काकांच्या टेबलावर आता तीन कोडी एकदम आहेत: रीबूट, मागे गुपचूप चालणारी कामं आणि संगणकाच्या आतला संगणक. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ‘बंद करणं’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण खिडकी मिटणं, काम थांबणं आणि मशीनची वीज जाणं या तीन निराळ्या घटना आहेत. एक झाली म्हणजे दुसरी झाली, असं धरून चाललं की नुकसान होतं.

## प्लेट कपाटात आणि प्लेट मशीनवर

छापखान्यातलंच उदाहरण घेऊ. कपाटात ठेवलेली पत्रिकेची प्लेट म्हणजे प्रोग्रॅम. ती मशीनवर चढली, शाई लागली, कागद सुटू लागले, की ते चालू काम म्हणजे ‘प्रोसेस’. एकाच मजकुराच्या दोन प्लेटा दोन मशीनवर चढवल्या तर काम एकच, पण छपाया दोन. तसंच एकाच प्रोग्रॅमच्या दोन प्रोसेस असू शकतात. लिनक्स प्रत्येक प्रोसेसला एक क्रमांक देतं आणि तिचा हिशेब ठेवतं: मेमरी किती घेतली, कोणत्या फाइली उघडल्या, तिला जन्म कोणी दिला.

क्रमांक एकची प्रोसेस सगळ्यांची मूळ. आजच्या बहुतेक लिनक्समध्ये तिचं नाव ‘सिस्टिम-डी’. लेनार्ट पोटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी २०१०मध्ये ते काम सुरू केलं, फेडोरा या लिनक्सच्या आणखी एका रूपाने २०११मध्ये ते घेतलं, डेबियन आणि उबंटूने २०१५मध्ये. जुन्या जाणत्यांनी त्यावर कडाडून वाद घातले. त्यांचं म्हणणं सगळंच चूक नव्हतं, पण आपल्या कामापुरतं एवढं पुरे की घर उघडणं आणि घर आवरणं, दोन्ही याच्या हाती आहे.

नुकत्याच सुरू झालेल्या मशीनवर, तुम्ही काहीही उघडलेलं नसताना, शंभरावर प्रोसेस चालू असतात. त्यांतल्या बहुतेकांना खिडकीच नसते. प्रिंटरची रांग सांभाळणारी, वायफाय जोडून ठेवणारी, घड्याळ लावणारी. या बिनखिडकीच्या सेवकांना ‘डीमन’ म्हणतात. काकांनी पन्नास पानं प्रिंटला सोडून प्रोग्रॅमची खिडकी मिटली, तरी पानं येतच राहतात. खिडकी हा फक्त काउंटर होता, छपाई मागच्या खोलीत चालली आहे. हे काकांना सांगावं लागलं नाही. त्यांचं दुकान असंच चालतं.

## टर्मिनल मिटलं आणि काम मेलं, असं का?

इथे गोंधळात टाकणारा उलटा प्रकार येतो. टर्मिनल म्हणजे ज्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करतात ती. तिच्यातून सोडलेलं काम खिडकी मिटली की बहुधा मरतं. आज्ञेच्या शेवटी ‘अँड’चं चिन्ह लावून काम मागे ढकललं, तरी तीच गत होऊ शकते.

कारण टेलिफोनच्या काळातलं आहे. तेव्हा लोक दूरच्या संगणकाला फोनच्या तारेवरून जोडत. तार तुटली की संगणक त्या माणसाच्या कामांना निरोप धाडायचा: समोरच्याने फोन ठेवला. हा निरोप, क्रमांक १, आजही तसाच आहे. त्याचं नावसुद्धा ‘हँग-अप’ आहे. निरोप आला आणि प्रोग्रॅमने त्यावर काही वेगळं ठरवलेलं नसलं, तर तो तिथेच संपतो.

ज्याला काम चालू ठेवायचंय त्याने ‘नोहप’ लावून ते सुरू करावं. अर्थ एवढाच, की फोन ठेवल्याचा निरोप कानावर घेऊ नकोस. त्याहून चांगला उपाय ‘टीमक्स’. यात टर्मिनलच वेगळ्या प्रोसेसच्या ताब्यात राहतं. तुम्ही खिडकी मिटा, घरी जा, सकाळी पुन्हा जोडून घ्या, पडदा होता तिथेच असतो. दूरच्या सर्व्हरवर तास-दोन तासांचं काम चालवणाऱ्याने याच्याशिवाय सुरुवातच करू नये असं माझं ठाम मत आहे, कारण आपलं नेट कधी जाईल याचा भरवसा नाही. उबंटूच्या कर्त्यांनाही हे ठाऊक आहे. दुरून जोडून नवी आवृत्ती चढवायला घेतली, तर त्यांचा प्रोग्रॅम असाच सुटा पडदा स्वतः उघडतो आणि जोडणी तुटलीच तर आत शिरायला १०२२ क्रमांकाचं जादा दारही ठेवतो.

आणखी एक गफलत हमखास होते. कंट्रोल-झेड दाबलं की काम बंद झालं असं वाटतं. ते बंद होत नाही, गोठतं. मेमरी अडवून तसंच उभं राहतं, आणि चार दिवसांनी मशीन जड का झालं हे कळत नाही. बंद करायचं तर कंट्रोल-सी.

## ‘किल’ म्हणजे मारणं नव्हे

आज्ञेचं नावच असं भीतिदायक आहे की लोक एक तर तिला घाबरतात, नाहीतर एकदम हत्यार उगारतात. खरं तर ‘किल’ निरोप पोचवते. कोणता, ते तुम्ही ठरवायचं. काहीच सांगितलं नाही तर १५ क्रमांकाचा निरोप जातो: आवरा आता, बंद करायची वेळ झाली. प्रोग्रॅमला तो ऐकू येतो. तो अर्धवट फाइल पुरी करतो, तात्पुरत्या फाइली पुसतो, आपल्या हाताखालच्या प्रोसेसना सांगतो आणि जातो.

९ क्रमांकाचा निरोप प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. तो थेट कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे जातो आणि कर्नल त्या प्रोसेसला उचलून बाहेर काढतं. शेवटचा शब्द लिहायची संधी नाही, कुलूप उघडायची नाही. इंटरनेटवर जिथे-तिथे ‘नऊ मारा’ असा सल्ला दिसतो. डेटाबेससारख्या गोष्टीला थेट नऊ देणं हे मला पटत नाही. पंधरा द्या, दहा-वीस सेकंद थांबा, मग नऊ. आपण दुकानातल्या पोरालाही रात्री आधी ‘आवर रे’ म्हणतो.

यावर लगेच येणारी शंका: नऊ देऊनही काही प्रोसेस जात नाहीत, त्यांचं काय?

त्यांचे दोन प्रकार. पहिला ‘झाँबी’. ही प्रोसेस मेलेलीच आहे, फक्त नोंद राहिली आहे. माणूस गेला, पण रेशनकार्डावरचं नाव कमी करायला कोणी गेलं नाही, तसं. ती मेमरी खात नाही, काम करत नाही. यादीत एक ओळ अडवून बसते. मेलेल्याला पुन्हा मारता येत नाही. ज्या आई-प्रोसेसने तिला जन्म दिला तिने ‘हो, कळलं’ म्हणायला हवं. आई स्वतःच संपली तर पोरकी झालेली नोंद क्रमांक एककडे जाते आणि तो रीतसर नाव कमी करतो. म्हणून झाँबी पुष्कळ साचल्या तर तिच्या आईकडे बघा.

दुसरा प्रकार खरा त्रासदायक. यादीत त्यांच्यापुढे ‘डी’ अक्षर दिसतं. ही प्रोसेस डिस्कच्या किंवा नेटवर्कवरच्या फाइलच्या उत्तराची वाट बघत कर्नलच्या आत अडकलेली असते. पेनड्राइव्ह खराब झाला किंवा ज्या मशीनवरची फाइल उघडली होती ते मशीनच बंद पडलं, की असं होतं. उत्तर येईपर्यंत नऊसुद्धा बहुधा बाहेर ताटकळतो. अशा वेळी प्रोसेसशी झटापट करण्यात अर्थ नाही. ती कशाची वाट बघते ते शोधायचं: केबल, ड्राइव्ह, पलीकडचं मशीन. नाहीच मिळालं तर रीबूट, आणि इथे तो योग्यच आहे.

## त्या दीड मिनिटात काय झालं

तुम्ही रीबूट किंवा शटडाउन म्हणता, तेव्हा सिस्टिम-डी उघडण्याच्या उलट क्रमाने घर आवरायला घेतं. डेटाबेसच्या आधारावर चालणारा प्रोग्रॅम आधी, डेटाबेस नंतर. प्रत्येकाला १५चा निरोप. कोणी उत्तर दिलं नाही तर ठरलेला वेळ थांबायचं. हा वेळ मुळात ९० सेकंद. फेडोराने ३८व्या आवृत्तीपासून तो ४५वर आणला. पळणारे लाल तारे म्हणजे कोणीतरी अजून आवरतंय आणि आम्ही थांबलोय, ही खूण. त्याच ओळीत त्या कामाचं नावही असतं. काकांना ते वाचायला सांगितलं तेव्हा प्रिंटरचं नाव निघालं. अडकलेला कागद होता. वेळ संपला की ९ चा निरोप, मग डिस्का सोडवायच्या आणि सगळ्यात शेवटी कर्नलला सांगायचं: आता खरंच बंद.

हा शेवटचा निरोप चुकून कोणी देऊ नये म्हणून कर्नल दोन ठरावीक संख्या मागतं. पहिली सोळाच्या पायावर लिहिली की इंग्रजीत ‘फील डेड’ असं वाचता येतं. दुसरी तशीच लिहिली की २८१२१९६९ होते: २८ डिसेंबर १९६९, लिनक्सचा जनक लिनुस टोरवाल्ड्स याची जन्मतारीख. तुमचं मशीन रीबूट होतं तेव्हा आत हे आकडे दाखवूनच होतं.

एका मशीनवर अनेकजण काम करत असतील, तर ‘शटडाउन’ आज्ञेला पुढची वेळ देता येते, समजा दहा मिनिटांनंतरची. टर्मिनलवर बसलेल्या सगळ्यांना सूचना जाते आणि शेवटच्या पाच मिनिटांत नव्याने कोणाला आत घेतलं जात नाही. विचार बदलला तर तीच आज्ञा रद्दही करता येते.

## पट्टी शंभर टक्के, दिवा अजून लुकलुकतोय

आवरायला एवढा वेळ कशाला हवा, हे पेनड्राइव्हवर सगळ्यात स्वच्छ दिसतं. मोठी फाइल त्यात उतरवा. पडद्यावरची पट्टी झरझर भरते, शंभर टक्के होते, आणि पेनड्राइव्हचा दिवा मात्र पुढे मिनिटभर लुकलुकत राहतो. कारण लिनक्सने ती फाइल आधी मेमरीत घेतली, तुम्हाला ‘झालं’ म्हणून मोकळं केलं आणि संथ पेनड्राइव्हवर मागून लिहीत बसलं. साधारण दर पाच सेकंदांनी एक कामगार उठतो आणि तीस सेकंदांहून जुना झालेला मजकूर डिस्कवर उतरवतो. यामुळे मशीन चपळ वाटतं. पण त्या दरम्यान ओढून काढलं, तर फाइलचं नाव दिसेल आणि आत अर्धाच मजकूर असेल. ‘सेफली रिमूव्ह’ दाबण्याचं कारण हे, आणि ‘सिंक’ ही आज्ञाही त्यासाठीच: जे हातात आहे ते आत्ताच्या आत्ता लिहून टाक.

“पण मी दहा वेळा वायर ओढलीय, काही झालं नाही,” असं सांगणारे भेटतात. खोटं बोलत नाहीत. श्रेय त्या फाइल ठेवण्याच्या पद्धतीचं आहे. लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी ईएक्सटी-४ ही पद्धत, २००८पासून पक्की झालेली, रोजकीर्द ठेवते. जमाखर्चात आधी रोजकीर्दीत नोंद आणि मग खतावणी, तसंच. वीज गेली तर पुढच्या वेळी रोजकीर्द वाचून अर्धवट नोंदी पुऱ्या होतात किंवा सोडून दिल्या जातात. पण या कीर्दीत सहसा फाइलचं नाव, जागा, लांबी एवढंच असतं, मजकूर नसतो. म्हणून मशीन ठणठणीत सुरू होईल, आणि तुम्ही शेवटचं अर्धं मिनिट जे टाइप केलं ते मात्र नसेल. पेनड्राइव्हवर बहुधा फॅट किंवा एक्सफॅट असतं. तिथे ही रोजकीर्दच नाही.

## ‘लिनक्सला रीबूट लागतच नाही’ हे खरं का?

अर्धं खरं. पुष्कळ दुरुस्त्या रीबूटशिवाय चढतात, आणि त्याचं कारण लिनक्सची एक सोय आहे: चालू प्रोग्रॅम जी फाइल वापरतोय ती पुसून तिथे नवी ठेवता येते. जुनी फाइल जोवर कोणाच्या हातात आहे तोवर टिकते. आणि तिथेच मेख आहे. भिंतीवर नवं दरपत्रक लावलं, पण काउंटरवरचा मुलगा खिशातल्या जुन्या कागदावरूनच पावती फाडतोय. एप्रिल २०१४मध्ये ओपन-एसएसएल या इंटरनेटवरचं बोलणं कुलूपबंद करणाऱ्या भागातलं ‘हार्टब्लीड’ हे भगदाड उघड झालं, तेव्हा दुरुस्ती उतरवून घेणं पुरेसं नव्हतं. जे सर्व्हर-प्रोग्रॅम आधीपासून चालू होते ते पुन्हा सुरू होईपर्यंत जुनाच भाग वापरत राहणार होते.

कर्नल बदललं तर साधारणपणे रीबूटच. चालू कर्नलला चालता-चालता ठिगळ लावायची सोय एप्रिल २०१५च्या ४.० आवृत्तीत आली, पण ती निवडक सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी आहे आणि ज्या सर्व्हरना क्षणभरही थांबणं परवडत नाही त्यांना ती उपयोगी. छापखान्याला किंवा घराला तिची गरज नाही. उबंटूवर रीबूट हवा असला की ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची छोटी फाइल तयार होते आणि डेस्कटॉपवर सूचना येते. त्या दिवशी संध्याकाळी करून टाका. वर्षभर रीबूट न केल्याचा अभिमान मी पाहिलाय. वर्षभर जुनं कर्नल चालवलं, एवढाच त्याचा अर्थ होतो.

आणि नुसतं काहीतरी अडकलं म्हणून लगेच रीबूट? मी आधी ती एक सेवा पुन्हा सुरू करते. प्रिंटर रुसला तर प्रिंटरची सेवा. रीबूटने तक्रार मिटते, पण कारण कळत नाही, आणि आठवड्याने तीच तक्रार परत येते.

ज्यांच्याकडे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट. विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. ते चालू असताना विंडोजचं ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नव्हे. आतला गाभा डिस्कवर गोठवून ठेवलेला असतो. मग लिनक्समधून विंडोजची ड्राइव्ह उघडली की ती फक्त वाचता येते किंवा उघडतच नाही. तिथे ‘रीस्टार्ट’ हेच खरं पूर्ण बंद होणं आहे. फास्ट स्टार्टअप बंदच करून टाकलेलं बरं.

## वाड्यातलं बिऱ्हाड

आता आतला संगणक. जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. वाडा मालकाचा, पाण्याची टाकी एक, विजेचा मेन स्विच एक. आत बिऱ्हाडं. प्रत्येकाची चूल वेगळी, दार वेगळं, आणि बिऱ्हाडकरूच्या लेखी ते त्याचं स्वतंत्र घर. वाडा म्हणजे ‘होस्ट’, तुमचं लिनक्स. बिऱ्हाड म्हणजे ‘गेस्ट’, काकांची जुनी विंडोज. त्या विंडोजला वाटतं की आपण एका सबंध मशीनवर आहोत. तिला जी हार्डडिस्क दिसते ती वाड्यातली एक भली मोठी फाइल आहे. वाटप आणि राखण करणाऱ्या व्यवस्थेला ‘हायपरव्हायजर’ म्हणतात.

कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६०च्या दशकात मोठ्या संगणकांवर ती वापरली. घरगुती प्रोसेसरमध्ये इंटेलने २००५मध्ये आणि एएमडीने २००६मध्ये त्यासाठी खास सोय घातली. बऱ्याच मशीनवर ती बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे हा आतला संगणक, सुरूच होत नसेल तर आधी तिथे बघा. लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम हा हायपरव्हायजर फेब्रुवारी २००७मध्ये, २.६.२० आवृत्तीत आला. तो क्युमरानेट या इस्रायली कंपनीत आवी किविटी याने लिहिला, आणि त्या कंपनीचा मूळ उद्योग डेस्कटॉप व्हर्च्युअलायझेशनच होता: कर्मचाऱ्याचा पूर्ण डेस्कटॉप सर्व्हरवर ठेवायचा आणि टेबलावर फक्त त्याचं चित्र पाठवायचं. २००८मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीने ती कंपनी घेतली. आज क्लाउडवरची असंख्य मशीनं ज्या केव्हीएमवर चालतात, त्याचा जन्म टेबलावरच्या डेस्कटॉपसाठी झाला, हे मला फार आवडतं.

घरी मात्र बहुतेकजण व्हर्च्युअलबॉक्स वापरतात, किंवा केव्हीएमवर चालणारं ग्नोम बॉक्सेस. दोन्ही चांगली.

आता मुद्दा. लिनक्सच्या नजरेत ती आख्खी विंडोज, तिच्यातला पेजमेकर, उघडी पत्रिका, सगळं मिळून एकच प्रोसेस आहे. यादीत इतर ओळींसारखी एक ओळ. तिला ९ चा निरोप दिला, तर आतल्या विंडोजच्या दृष्टीने कोणीतरी भिंतीतून वायर ओढली.

आणि तुम्ही न देताही तो जाऊ शकतो. काकांच्या मशीनवर दोनदा झालं: काम चालू असताना विंडोजची खिडकी अदृश्य, निरोप नाही, चूक नाही. त्यांना व्हायरसची शंका आली. मी कर्नलची नोंदवही उघडली, तर मेमरी संपल्याची ओळ सापडली. मशीनला ८ जीबी मेमरी, त्यातली ६ आम्ही बिऱ्हाडाला देऊन बसलो होतो. वाड्याला २ उरली, वर ब्राउझर उघडा. मेमरी पार संपली की कर्नल सगळं मशीन वाचवायला एक प्रोसेस बळी देतं, आणि बहुधा सर्वांत जास्त मेमरी घेणारी. ती हीच. चूक माझी होती. बिऱ्हाडाला ३ जीबी केली, त्यानंतर आजवर असं झालेलं नाही. जुन्या विंडोजला आणि पेजमेकरला तेवढी भरपूर होते.

## बिऱ्हाडाचं दार कसं ओढायचं

व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी मिटायला गेलं की तीन पर्याय येतात, आणि घाईत लोक कोणताही दाबतात. ‘पॉवर ऑफ’ म्हणजे वायर ओढणं. ‘शटडाउनचा इशारा’ म्हणजे आतल्या विंडोजचं बटण हलकेच दाबणं. ती स्वतः आवरते, पण न साठवलेली फाइल असेल तर आत प्रश्न विचारून थांबून राहू शकते, म्हणून नजर ठेवा. ‘स्थिती साठवा’ म्हणजे मेमरी जशी आहे तशी डिस्कवर उतरवणं. परत आलात की कर्सर तिथेच.

तिसरा पर्याय सोयीचा आहे आणि जेवायला जाताना मीही वापरते. पण महिनोन्‌महिने त्यावरच राहू नका. आतली विंडोज त्या काळात एकदाही नव्याने सुरू होत नाही, आणि जाग आली की आतल्या प्रोग्रॅमच्या नेटवर्कवरच्या जोडण्या तुटलेल्या असतात. ‘स्नॅपशॉट’लाही, म्हणजे आतल्या मशीनच्या एका क्षणाच्या नोंदीलाही, लोक बॅकअप समजतात. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर, मूळ फाइलच्याच आधाराने उभा असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले. बॅकअप म्हणजे आतली विंडोज पूर्ण बंद करून ती मोठी फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवणं.

केव्हीएमच्या आज्ञांमध्ये एक शब्द नवख्याला चकवतो: ‘डिस्ट्रॉय’. त्याने मशीन पुसलं जात नाही, डिस्कची फाइल जागेवर राहते. पण ती वायर ओढणंच आहे. शेजारची ‘शटडाउन’ वापरा.

आधार संपलेली विंडोज आत ठेवली असेल, तर तिचं नेट तोडून ठेवा. फाइली देण्याघेण्यासाठी एक सामाईक फोल्डर पुरतो.

## ऑफिसचा डेस्कटॉप घरी, त्याचं काय?

हिंजवडीतल्या कंपनीचं काम साताऱ्याच्या घरातून करणाऱ्या कितीजणांसमोर रोज असाच डेस्कटॉप असतो. मशीन सर्व्हरवर, घरी फक्त चित्र. इथे खिडकीवरची फुली म्हणजे ‘डिस्कनेक्ट’. तुम्ही उठून गेलात, तुमची खोली उघडी, दिवे चालू. सकाळी लॉगिन केल्यावर कालच्या सगळ्या फाइली जशाच्या तशा दिसतात त्या यामुळेच. तुमचा डेस्कटॉप आठवड्याने मंद होतो आणि लॅपटॉप रीस्टार्ट करूनही सुधारत नाही, कारण तुम्ही भलतंच मशीन रीस्टार्ट करताय. आतल्या डेस्कटॉपमधून ‘साइन आउट’ करावं लागतं. कंपनीने ठरवलेला वेळ संपला की सोडून दिलेली सत्रं सर्व्हर स्वतः बंद करू शकतो, आणि तेव्हा न साठवलेलं काम जातं. निघताना फाइली साठवून साइन आउट करणं इथे फार महत्त्वाचं.

## सगळंच गोठलं तर

माउस हलत नाही, काही उमटत नाही. तरीही पॉवरचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरण्याआधी एक वाट शिल्लक असते. कर्नल बऱ्याचदा जिवंत असतं, वरचा पडदा मेलेला असतो. आल्ट आणि प्रिंट-स्क्रीन ही दोन बटणं धरून ठेवायची आणि एकेक अक्षर, मध्ये दोन-तीन सेकंद सोडून, दाबायचं: एस, यू, बी. एस म्हणजे हातातलं सगळं डिस्कवर लिही. यू म्हणजे डिस्का फक्त वाचण्यापुरत्या ठेव. बी म्हणजे रीबूट. उबंटूवर ही तीन मुळातच चालू असतात. काही लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही धरावं लागतं. पूर्ण मंत्र सहा अक्षरांचा आहे, पण बाकीची तीन उबंटूने सुरक्षेसाठी बंद ठेवली आहेत, आणि डिस्क वाचवायला ही तीन पुरतात. वाड्यातलं बिऱ्हाड मात्र यात वाचत नाही. त्याला आवरायला कोणी सांगितलेलंच नसतं.

काकांच्या मॉनिटरशेजारी मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. लाईट गेली की पहिल्या मिनिटात पेजमेकरची फाइल साठवायची आणि आतली विंडोज बंद करायला टाकायची, कारण सगळ्यात जास्त वेळ तिलाच लागतो. ती खिडकी गेल्यावर पेनड्राइव्ह रीतसर काढायचा. मग लिनक्स बंद. लाल तारे दिसले तर त्या ओळीतलं नाव वाचून कागदावर लिहायचं आणि घड्याळ संपू द्यायचं. परवा रात्री पुन्हा लाईट गेली. सकाळी काकांनी चिठ्ठीच्या खाली लिहिलेलं नाव मला फोनवर वाचून दाखवलं. प्रिंटरच होता, या खेपेला दुसरा.